पावणं, गाव कुठलं?

कोल्हापुरात बोलायला उभं राहिलं की मला एक सोय होते. मध्येच गावाकडचा शब्द निसटला तर माफी मागावी लागत नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करते. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, गारगोटीच्या गाडीची वाट बघत उभं राहा. पाच मिनिटांत शेजारचा माणूस विचारणार, "पावणं, गाव कुठलं?" मला 'ताई' म्हणतात, पण प्रश्न तोच. नाव नाही विचारत, नोकरी नाही विचारत, आधी गाव. एकदा गाव कळलं की बाकीचं त्याला आपोआप लागतं. कुणाचे कोण, रान बागायत का जिरायत, बोलण्यातला हेल कुठनं आला.

माझा पोटापाण्याचा धंदा हाच प्रश्न विचारण्याचा आहे. फक्त मी तो परागकणांना विचारते. आणि आजचे आपले पावणे आलेत ध्रुवाजवळच्या समुद्रांच्या तळातल्या चिखलातून. काही चार लाख वर्षांपूर्वीचे, काही पाच कोटी, काही नऊ कोटी. त्यांना बोलता येत नाही, आणि त्यातले काही बेधडक खोटं गाव सांगतात. ते कसं पकडायचं, एवढंच आज सांगायचंय. ध्रुवांवर एकेकाळी जंगल होतं हे तुम्ही कुठं तरी वाचलं असेल. ते कशावरून म्हणतात, हे मात्र सहसा कुणी सांगत बसत नाही.

तुरा आलेल्या मक्याच्या रानात कधी शिरलाय का? सकाळी तुऱ्याला जरा धक्का लागला की अंगावर पिवळी भुकटी पडते. तोच पराग. एका तुऱ्यातून लाखो कण सुटतात. मक्याचा कण त्यातल्या त्यात दांडगा, मिलिमीटरचा जवळजवळ दहावा भाग. बाकीच्या बहुतेक वनस्पतींचा कण त्याच्या निम्मा, पाव, कधी त्याहूनही बारीक. नुसत्या डोळ्यांना दिसते ती भुकटी, कण दिसत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मात्र प्रत्येकाचा चेहरा वेगळा. जास्वंदीचा पराग म्हणजे काटेरी चेंडू. पाइनच्या कणाला दोन्ही बाजूंना हवेचे फुगे, डोक्यावर दोन अंबाडे घातल्यासारखे. गवताचा कण गुळगुळीत गोल आणि त्याला एकच भोक. हरळी असो, ऊस असो, ज्वारी असो, सगळ्यांचं तेच. हे घराणं आमच्याशी फटकून वागतं, घर सांगतं पण नाव सांगत नाही.

आतला जीव लवकर मरतो. काही झाडांचा काही तासांत, काहींचा काही दिवसांत. टिकतं ते बाहेरचं कवच. ते स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, आणि सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत इतका चिवट पदार्थ शोधून सापडणं अवघड. आम्लानं विरघळत नाही, दाबाखाली चपटं होतं पण मोडत नाही. त्याचं वैर एकाशीच, हवेतल्या प्राणवायूशी. म्हणून पन्हाळ्याच्या तांबड्या जांभ्या मातीत मला जुना पराग जवळपास कधीच मिळणार नाही. ती माती उन्हापावसात गंजून गंजूनच तांबडी झालेली असते. जिथं हवा पोहोचत नाही असा काळा चिखल हवा. तळ्याचा तळ, दलदल, समुद्राचा तळ.

ह्या कणांवरून जुनं हवामान वाचता येईल हे पहिल्यांदा नीट मांडलं स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी, १९१६ साली. गंमत म्हणजे त्यांनी ते मांडलं एका व्याख्यानातच, आज ज्याला ऑस्लो म्हणतात त्या गावात. दलदलीच्या थरांत खालून वर कुठल्या झाडाचे कण किती, याचे आलेख त्यांनी काढून दाखवले. आपल्याकडे बिरबल साहनींनी लखनौला जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाची संस्था उभी केली. १९४९ च्या एप्रिलमध्ये नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत साहनी गेले. संस्था आजही आहे, आणि अंटार्क्टिकाच्या गाळातला पराग मोजणारी माणसं तिथं तयार झाली आहेत.

आता प्रयोगशाळेतलं काम. समुद्रतळात पोकळ नळी घुसवून गाळाचा लांब दांडका वर काढतात. त्याला आम्ही गाभा म्हणतो, कोअर. त्यातला चमचाभर चिखल घ्यायचा. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यातला चुना घालवायचा. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून वाळू आणि चिकणमाती विरघळवायची. हे दुसरं आम्ल काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची. हातावर एक थेंब पडला तरी ते कातडीतून आत उतरून थेट हाडापर्यंत जातं, म्हणून शेजारी औषधाची ट्यूब उघडून ठेवलेली. मग बारीक चाळणीतून गाळायचं. सगळा खटाटोप करून शेवटी तळाशी राहतो तो तपकिरी गाळाचा एक थेंब. त्यात पराग.

त्या थेंबात एकूण कण किती, हे कसं काढायचं? सगळे मोजत बसलं तर जन्म जाईल. युक्ती अशी. समजा तुमच्याकडे तांदळाचं पोतं आहे आणि दाणे किती ते काढायचंय. मोजून १० हजार राजमा त्यात टाका, पोतं नीट हलवा आणि एक मूठ घ्या. मुठीत राजमा ५० आले आणि तांदूळ १००, तर पोत्यात तांदूळ २० हजार. आम्ही राजम्याऐवजी लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू टाकतो. त्यांच्या मोजून केलेल्या गोळ्याच मिळतात. ही बारकी युक्ती लक्षात ठेवा, पुढं ग्रीनलँडला गेलो की ती कामाला येणार आहे.

माझी फजिती आता सांगून टाकते, नाहीतर प्रश्नोत्तरात कुणी तरी काढेलच. शिकत होते तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेचं नाव कशाला घेऊ, चूक माझीही होती. हिमयुगातल्या सागरी गाळाचा नमुना, स्लाइडवर काहीच मिळत नव्हतं. चार तासांनी एक कण दिसला. मोठा, गोल, एकच भोक. मोजला. ९० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले ९०. मी उडालेच. एवढा मोठा गवताचा कण हिमयुगातल्या ध्रुवीय समुद्रात! सरांना बोलवून आणलं. त्यांनी नळीत डोळा घातला, मग मान वर करून खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मका. तुरा आलेला. ते एवढंच म्हणाले, "ह्याचं गाव विचारलंस का?"

तेव्हापासून प्रत्येक नमुन्याबरोबर मी एक रिकामी नळीसुद्धा सगळ्या आम्लांतून काढते. तिच्यात गाळ नसतोच. तरीही शेवटी तिच्यात पराग दिसला, तर तो माझ्या खोलीतला. ह्या कामात शोध लावायच्या आधी स्वतःच्या खिडक्या बंद कराव्या लागतात.

खिडकी बंद केली तरी वारा आहेच. आज अख्ख्या अंटार्क्टिका खंडावर फुलं येणाऱ्या मूळच्या वनस्पती फक्त दोन आहेत. एक गवत आणि एक उशीसारखं गच्च वाढणारं बुटकं रोपटं. दोन्ही राहतात दक्षिण अमेरिकेकडे शेपटीसारख्या गेलेल्या द्वीपकल्पावर आणि आसपासच्या बेटांवर. भारताचं मैत्री केंद्र जिथं आहे त्या शिर्माकर भागात एकही फुलझाड नाही. तरी तिथल्या तळ्याच्या गाळात परागकण सापडतात. लखनौच्या शास्त्रज्ञांनी ते मोजले आहेत. सगळे दूरवरून वाऱ्यानं आणलेले. मग फुकट का? तर नाही. पावणा परगावचा असला तरी तो कुठल्या रस्त्यानं आला हे कळतं. पूर्वी वारे कुठून आणि किती जोरात वाहत होते, याचा अंदाज त्यांच्यावरूनच काढतात. पण त्यांना बघून कुणी 'मैत्रीला जंगल होतं' म्हटलं, तर त्याला मी परत सीबीएसला पाठवीन.

वाऱ्यापेक्षा मोठा लबाड म्हणजे हिमनदी. हिमनदी शांत पांढरी दिसते, काम मात्र जेसीबीचं करते. खालचा खडक खरवडते, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गाळ उचलते आणि समुद्रात नेऊन नव्या चिखलात ओतते. त्या जुन्या खडकातला पराग चिवट असल्यामुळे तोही शाबूत येतो. म्हणजे एकाच स्लाइडवर कालचा कण आणि २५ कोटी वर्षांपूर्वीचा कण मांडीला मांडी लावून बसलेले.

त्यांना वेगळं कसं करायचं? इथं माझ्या मामाचं गुऱ्हाळ कामाला आलं. काहिलीत रस तापत जातो तसा त्याचा रंग बदलतो. फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस. गुळव्या नुसता रंग बघून सांगतो पाक कुठवर आला, आणि जरा चुकलं तर गूळ काळा. परागाचंही तसंच आहे. जमिनीत खोल गाडला गेला की तापतो आणि त्याचं कवच पिवळ्याचं नारिंगी, तपकिरी, शेवटी काळं होतं. उलटा प्रवास नाही. काळा गूळ परत पिवळा होत नाही, तसा काळा पराग परत पिवळा होत नाही. स्लाइडवर फिकट पिवळ्या कणांत एक तपकिरी कण बसलेला दिसला की समजायचं, हा खोल खडकात भाजून आलेला म्हातारा आहे. अतिनील प्रकाशात ताजे कण चमकतात, भाजलेले विझलेले दिसतात, तीही एक कसोटी. तेल शोधणारे लोक हाच रंग बघून खडक किती तापला होता ते ठरवतात.

अंटार्क्टिकाच्या चिखलात असे म्हातारे भरपूर असतात आणि त्यातले काही आपल्या भावकीतले आहेत. दोन फुगे आणि मधल्या अंगावर पट्टे असलेला एक कण नेहमी भेटतो. तो ग्लॉसोप्टेरिसच्या काळातला. ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेच्या आकाराच्या पानांचं झाड, पर्मियन काळात, म्हणजे २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, दक्षिणेच्या सगळ्या खंडांवर पसरलेलं. चंद्रपूरचा, वर्धा खोऱ्यातला, उमरेडचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवनभूमीत सांधा लावून होते. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेले. भूक, थंडी, गँगरीन, सगळं सोसूनही त्यांनी घसरगाडीवर १६ किलोच्या आसपास दगड शेवटपर्यंत ओढत आणले होते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. १९१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मला त्या दगडांविषयी वाचताना दर वेळी वाटतं, गाडी हलकी करायला हे टाकून द्यावेत असं एकालाही वाटलं नसेल?

ह्या म्हाताऱ्या कणांना बहुतेक अभ्यासक कचरा समजून बाजूला काढत. ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ ट्रसवेल यांनी तो कचरा मोजला. १९७२-७३ च्या ग्लोमार चॅलेंजर जहाजाच्या अंटार्क्टिका सफरीवर त्या पराग-अभ्यासक म्हणून होत्या. त्यांचा विचार साधा. किलोमीटर-दोन किलोमीटर बर्फाखालचा खडक आपल्याला दिसत नाही, पण हिमनदी तो खरवडून समुद्रात आणून टाकतेच आहे. तर किनाऱ्याच्या कुठल्या भागातल्या चिखलात कुठल्या काळाचे उसने कण आहेत हे मांडलं, तर बर्फाखाली कुठं कुठल्या काळाचे खडक आहेत याचा नकाशा निघेल. खोटं गाव सांगणाऱ्याकडूनच त्यांनी खरं गाव काढून घेतलं. मला विचाराल तर आमच्या शास्त्रातली ही सगळ्यात हुशार चाल आहे, आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं.

आता ज्यासाठी तुम्ही आलात तिकडे येते. अंटार्क्टिकातले ताड.

२०१० च्या सुरुवातीला जॉयडीस रेझोल्यूशन नावाचं खोदकामाचं जहाज पूर्व अंटार्क्टिकाच्या विल्क्स लँड किनाऱ्यासमोर गेलं. पाणी जवळपास ४ किलोमीटर खोल, त्याखाली तळात आणखी १ किलोमीटर भोक. तळाशी जो गाळ लागला तो इओसीन काळाच्या सुरुवातीचा, सुमारे ५ कोटी २०-३० लाख वर्षांपूर्वीचा. त्यातल्या परागावरचं संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. कण फिकट, ताजे, भाजलेले नाहीत. आणि त्यांत काय होतं? ताड-माडांच्या कुळातले कण. आणि आपल्या काटेसावरीच्या उपकुळातले. तिकडचे लोक गोरखचिंचेची भावंडं म्हणून सांगतात, कारण त्यांना ती जास्त ओळखीची. पण आपल्याला सावर जवळची. शिवारातली, रस्त्याकडेची, फेब्रुवारीत एक पान अंगावर नसताना लालभडक फुललेली.

इथं सावर मला साक्षीला फार चांगली मिळाली, का ते बघा. पाइनचा पराग वाऱ्यावर स्वार होतो, कुठंही जाईल. सावरीचं तसं नाही. तिचं फूल मांसल आणि रसानं भरलेलं. त्यावर मैना येतात, कावळे येतात, रात्री वटवाघळं येतात आणि पराग तेच नेतात. असा पराग कमी तयार होतो आणि झाडापासून फार लांब जात नाही. तो समुद्राच्या गाळात मिळाला तर झाड किनाऱ्यालगत किंवा जवळच्या नदीकाठी उभं असणार. दुसऱ्या खंडावरून वाऱ्यानं आणला, हा बचाव चालत नाही.

ताडाची साक्ष वेगळ्या मुद्द्यावर. माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो मेला की झाड मेलं, आंब्यासारखं बाजूनं फुटत नाही. म्हणून सारखं हिमदव पडणाऱ्या मुलखात ताड-माड तगत नाहीत. ह्या सगळ्यावरून अभ्यासकांनी काढलं की त्या किनाऱ्यावर हिवाळाही १० अंश सेल्सिअसच्या वर होता आणि पाणी गोठण्याएवढी थंडी जवळजवळ पडतच नव्हती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी दर एक-दोन वर्षांनी येते, लोक गाड्या काढून बघायला जातात. तेवढंसुद्धा तिथं होत नसावं. आणि ही जागा तेव्हाही ७० अक्षांशाच्या आसपास होती. खंड तिथंच होता, थंडी नव्हती. त्या वेळी ह्या आपल्या जोतिबाच्या डोंगराचा काळा दगड थंड होऊन एक कोटीहून जास्त वर्षं झाली होती.

किनाऱ्यावर सावर-ताड, आणि त्याच गाळात दुसरा एक घोळका नोथोफॅगस आणि अरौकेरियाचा. ही थंड हवेची झाडं. म्हणजे किनाऱ्यावर कोकण आणि मागं डोंगरावर गारवा, असं काहीसं चित्र. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत आलं की ताड आणि सावर गायब आणि नोथोफॅगसचं राज्य. मग सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी मोठा बर्फ बसला.

झाडावरून तापमान काढायची ही जी पद्धत आहे, तिच्यात एक गृहीतक लपलंय, ते सांगितलं पाहिजे. आजच्या सावरीला जे सोसत नाही ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तिच्या चुलत-पणजीलाही सोसत नव्हतं, असं आपण धरतो. एका झाडाच्या बाबतीत हे चुकू शकतं. म्हणून दहा-वीस जातींचं मत घेतात आणि ज्या पट्ट्यात सगळ्यांचं जमतं तो पट्टा धरतात. शिवाय गाळातल्या जीवाणूंच्या स्निग्ध पदार्थांवरून तापमान काढायची वेगळी रीत आहे, तिच्याशी ताडून बघतात. विल्क्स लँडला दोघांचा मेळ बसला.

पण मला सगळ्यात आवडणारा पावणा हा नव्हे. २०१७ मध्ये जर्मन जहाज पोलारस्टर्न पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात गेलं होतं. समुद्रतळावर ठेवायचं खोदयंत्र त्यांनी खाली सोडलं आणि जो गाभा आला त्यात चक्क मुळं होती. सुमारे ३ मीटर लांबीचा चिखलाचा दगड, त्यात मुळांचं जाळं जसंच्या तसं, आणि त्यात ठासून भरलेले परागकण आणि बीजाणू. वय सुमारे ९ कोटी वर्षं, जागा त्या वेळी ८२ अक्षांशाजवळ. वर्षाचं सरासरी तापमान १२-१३ अंशांच्या घरात. इथं गाव विचारायची गरजच नाही. वारा नाही, हिमनदी नाही. पावणा स्वतःच्या अंगणात मुळं रोवून उभा होता.

आणि त्या अंगणात वर्षातले चार महिने सूर्य उगवत नव्हता. तापमान चढवता येतं, पृथ्वी कलती ठेवून ध्रुवाची रात्र कशी काढणार? उबदार अंधारात झाडं कशी जगली, पानं गाळून का नुसती गप्प बसून, ह्यावर अजून वाद चालू आहे. कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाखांत हजाराच्या बराच वर होता असं त्याच अभ्यासात हवामानाच्या संगणकी प्रतिकृतींवरून निघतं. आज आपण ४२० च्या वर आहोत.

उत्तरेकडे वळते. इथं खंड नाही, मध्ये समुद्र आहे. २००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ समुद्राखालच्या लोमोनोसॉव्ह कड्यावर खोदकाम झालं, त्याला तीन जहाजं लागली. एक खोदायला आणि दोन तिच्या अंगावर येणारा बर्फ फोडत राहायला. खालच्या थरात काय निघालं? अझोला.

आपल्याकडे म्हशी पाळणाऱ्यांना अझोला सांगायला नको. गोठ्यामागं प्लास्टिकचा कागद अंथरून खड्डा, त्यात पाणी, शेण आणि वर हिरवी चादर. दोन दिवसांनी चाळणीनं काढायचा आणि पेंडीत मिसळायचा. हाच अझोला ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या आर्क्टिक समुद्राच्या गाळात थरावर थर मिळाला, साधारण ८ लाख वर्षं टिकलेला. अझोला गोड्या पाण्याचा. मग खाऱ्या समुद्रात कसा? पहिली शंका अर्थातच गावाची. नदीनं वाहून आणला असेल. पण मोठे आणि छोटे बीजाणू एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत सापडले. लांबून वाहत येताना ते सुटे झाले असते. म्हणून तो तिथंच, समुद्रावर पसरलेल्या गोड्या पाण्याच्या थरात वाढला असं बहुतेकांचं मत पडलं. 'एका शेवाळानं पृथ्वी थंड केली' असे व्हिडिओ फिरतात. अझोला शेवाळ नाही, तो नेचा आहे. आणि त्यानं हवेतला कार्बन तळाशी नेला हे पटण्यासारखं असलं, तरी एकट्यानं पृथ्वी थंड केली हे मी तरी म्हणणार नाही.

आता राजमा आठवा. ग्रीनलँडच्या दक्षिणेला समुद्रात एक गाभा काढला होता. अ‍ॅन द व्हर्नाल आणि क्लोद इलेर-मार्सेल यांनी त्यातला पराग मोजून २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्प्रूस झाडाचे कण होते. स्प्रूसचाही पराग फुग्यांचा, कॅनडातून उडत येतोच. आजच्या गाळातही थोडा असतो. नुसतं 'सापडला' म्हणून काही सिद्ध होत नाही. पण सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीच्या, दोन हिमयुगांमधल्या उबदार काळाच्या थरात त्याची संख्या एवढी चढली की उडून आलेल्यांचा हिशेब लागेना. दक्षिण ग्रीनलँडवर जंगल होतं, म्हणजे तिथला बर्फ बराच वितळलेला होता. ही साक्ष समुद्रातल्या चिखलाची. पुढं वायव्य ग्रीनलँडमधून जमिनीची साक्ष आली. अमेरिकी लष्करानं कॅम्प सेंच्युरी इथं १९६६ मध्ये बर्फातून जवळजवळ १४०० मीटर खाली भोक पाडलं होतं. तळाशी गोठलेली माती लागली. सगळ्यांना बर्फ हवा होता, माती बरण्यांत घालून ठेवली गेली आणि विसरली गेली. अर्ध्या शतकानं ती उघडली तर आत काटक्या, पानांचे तुकडे, मॉस. २०२३ मध्ये तिचं वय आलं, सुमारे ४ लाख १६ हजार वर्षं. दोन वेगळ्या रस्त्यांनी दोन साक्षीदार एकाच काळात येऊन पोहोचले.

एक गोष्ट राहिली. न आलेल्या पावण्यांची. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात दालचिनी आणि तमालपत्र असतं. दोघंही एकाच कुळातली, आणि त्या कुळाची झाडं दाजीपूरच्या जंगलातही आहेत. पण ह्या कुळाच्या परागाचं कवच इतकं पातळ की गाळात ते टिकतच नाही. उद्या दाजीपूरचं जंगल गाडलं गेलं आणि पाच कोटी वर्षांनी कुणी तिथला चिखल माझ्यासारखा आम्लात उकळला, तर त्याला नेचे मिळतील, गवत मिळेल, दालचिनी मिळणार नाही. म्हणून अंटार्क्टिकाच्या जंगलाचं चित्र रंगवणाऱ्यांना मी विचारते, तुमच्या चित्रात जी झाडं नाहीत ती खरंच नव्हती, का टिकली नाहीत? ह्याचं उत्तर परागाकडे नाही. पानांचे ठसे, लाकूड, पानावरचं मेण ह्यांच्याकडे जावं लागतं.

थांबते आता. बाहेर टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडलेत. डावीकडे मक्याचा पराग आहे, तोच माझा जुना वैरी. उजवीकडे काटेसावरीचा, परवाच पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका झाडाखालून फूल उचलून केलेला. वरून बघितला तर जरासा तिकोनी दिसेल, अंगावर बारीक जाळी. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या कणाचा मोठा फोटो शेजारी लावलाय, खरी स्लाइड माझ्याकडे नाही. चष्मा असेल तर काढा, फोकस करताना मोठं चाक फिरवू नका, बारकं फिरवा. मोठं फिरवलं की काच फुटते. आणि तेवढी दाराजवळची खिडकी कुणी तरी लावून घ्या.